काखेतला कळसा

प्रिय चौकसबाई,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, दुकान जागेवर आहे आणि तुझ्या कुंडीला पाणी घातलंय. मावशीकडे जाऊन तुला जेमतेम दोन दिवस झाले आणि बाप लगेच पत्र लिहायला बसला, म्हणजे काहीतरी भानगड आहे, असं तू म्हणशील. आहेच भानगड. गणिताच्या पदवीसाठी कुठल्या विद्यापीठात जाणार ते तुला शुक्रवारी कळवायचंय, आणि तू कळवून मोकळी होण्याआधी मला थोडं बोलायचंय. समोरासमोर बोललो असतो, पण तुझ्याशी वाद घालणं म्हणजे ओला साबण मुठीत धरणं. शिवाय इतकी वर्षं तू मला लिहून लिहून सगळं सांगितलंस, आता एकदा माझी पाळी.

आज सकाळी दुकान उघडलं, खुर्च्या झटकल्या आणि आरसे पुसायला घेतले. खिडकीकडच्या आरशाच्या कोपऱ्यात तू साबणाने लिहिलेलं गणित अजून तसंच आहे. त्यात औषधालाही आकडा नाही, नुसती अक्षरं आणि कंस. फडकं हातात घेऊन उभा राहिलो आणि मग म्हटलं, जाऊ दे, राहू दे. पहिला आला बेकरीवाला. दाढीचा फेस लावून बसलाय आणि मान तिरकी करकरून ते वाचतोय. शेवटी विचारतो कसा, मालक, हे दाढीचे नवे दर का? मी म्हटलं, हो, आणि ज्याला वाचता येणार नाही त्याला दुप्पट.

तुला आठवतं का, तुझं हे खूळ कुठून सुरू झालं ते? मला आठवतं. तू शाळेत नुकती जायला लागली होतीस. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून मी तुला तिच्यावर बसवायचो, गळ्याभोवती पांढरं कापड बांधायचो. पुढे आरसा, मागे आरसा. त्यात तू, तुझ्यामागे तू, तिच्यामागे आणखी एक तू. एकदा तू विचारलंस, बाबा, शेवटची मी कुठली? मी आपलं बोलून गेलो, मोज. झालं! मोजता मोजता तू अशी काही मान वळवलीस की कात्री उजव्या कानावरून सुसाट गेली आणि त्या बाजूला मैदान झालं. तुझ्या आईने मला असं फैलावर घेतलं की दुकानातली गिऱ्हाइकं टॉवेलात तोंड लपवून हसत होती. तुला मात्र केसांचं सोयरसुतक नव्हतं. रात्री जेवताना तू जाहीर केलंस की शेवटची मुलगी नसतेच, कारण जी शेवटची म्हणाल तिच्याही मागे आरसा आहेच. मी म्हटलं, गप जेव. तुझी आई मात्र जेवता जेवता थांबली. हळूच म्हणाली, ही पोरगी काही आपल्या दुकानात मावायची नाही. तिचा तो आवाज मला अजून आठवतो, तेव्हा माझे कान शाबूत होते ना.

मग ते गेले. एकदम नाही, चोरपावलांनी. आधी कात्रीची कचकच गेली, मग गिऱ्हाइकांच्या गप्पा, आणि तुझी आई आपल्याला सोडून गेली त्या वर्षी तर कोणी कानाशी येऊन ओरडल्याशिवाय काही कळेना. बँकेच्या साहेबांची गंमत आठवते? त्यांनी मिशीबद्दल काहीतरी सांगितलं, मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि मिशी साफ केली! कॉलेजपासून जपलेली मिशी. बायकोने म्हणे त्यांना दारातच विचारलं, कोण पाहिजे आपल्याला? दुसऱ्या दिवशी तू शाळेतून आलीस, दप्तर बाकाखाली ढकललंस, साबणाची वडी घेतलीस आणि माझ्या खुर्चीशेजारी उभी राहिलीस. गिऱ्हाईक बोलायचं, तू आरशावर लिहायचीस. कल्ले ठेवा. मागून बारीक. घाईत आहेत, गप्पा नकोत. डॉक्टर माझ्या गुडघ्याचं दुखणं तुला सांगायचे आणि तू मला. फोन तर मी उचलणंच सोडून दिलं. वाजतोय हेच कळायचं नाही तर उचलणार काय, कपाळ? तू त्या कानाच्या यंत्रासाठी माझ्या मागे लागायचीस आणि मी भडकायचो. दुसऱ्यांना देखणं करणाऱ्या माणसाने स्वतः म्हाताऱ्यासारखं दिसून कसं चालेल, हे माझं ठरलेलं उत्तर. त्यावर तू एकदा आरशावर लिहिलंस, केस पिकलेत, कान पिकले तर काय बिघडलं. मी ते दाणकन पुसून टाकलं होतं. बेरकी कुठली.

आता मुद्द्यावर येतो. आपण दोघं दोन्ही विद्यापीठं बघून आलो. जवळचं काही वाईट नाही, उगाच कशाला नावं ठेवू? बस दुकानासमोर थांबते, माणसं भली आहेत, वर्ग स्वच्छ आहेत. तिथले सर तुला नोकऱ्यांचं काहीतरी समजावत होते आणि तू मान हलवत होतीस. पण तुझा चेहरा मी बघितला, पोरी. माझं आयुष्य आरशात लोकांची तोंडं बघण्यात गेलंय. केस कापून झाले की मी मागे छोटा आरसा धरतो, तेव्हा काही जण म्हणतात, वा, छान झालंय. ओठ हसतात आणि डोळे टोपी शोधत असतात. तसा चेहरा होता तुझा.

आणि लांबचं? तिथे त्या वयस्क बाई फळ्यावर काहीतरी मांडत होत्या, कोपरापर्यंत खडूने माखलेल्या. मी मागच्या बाकावर. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी डोक्यावरूनच गेलं असतं. पण दिसत होतं सगळं. तू हात वर केलास. बाईंनी खडू पुढे केला. आणि तू, माझी लाजाळू लेक, सरळ जाऊन त्यांचं अर्धं गणित तळहाताने पुसलंस, आपल्या दुकानातला आरसा पुसतेस तसं! म्हटलं, आता हाकलतात दोघांना. तू लिहीत गेलीस, बाईंनी कपाळावर हात मारला आणि अशा हसल्या की त्यांचा चष्मा नाकावर घसरला. मग त्यांनी तुला बाहेर व्हरांड्यात गाठलं. तुमचं बोलणं संपेना, तुझा चहा गार झाला, आपली दुपारची गाडी चुकली, संध्याकाळच्या गाडीत उभ्याने आलो आणि एरवी पायात खडा गेला तरी घर डोक्यावर घेणारी तू एका शब्दाने कुरकुरली नाहीस. फी माफ, राहायला खोली, म्हणजे तीही अडचण नाही.

आणि त्या आठवड्यात जेवताना तू मला कानाशी ओरडून काय सांगितलंस? जवळचंच बरं बाबा, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? वर आणखी, दुरून डोंगर साजरे. अगं, तू लहानपणापासून म्हणींशी भांडत आलीस. अति तिथे माती म्हटलं की विचारायचीस, अति म्हणजे किती? साखर कमी आहे म्हटलं तरी पुरावा मागणारी तू, आणि एकाएकी कारणांऐवजी म्हणी सांगायला लागलीस! तिथेच मला वास आला. चेहरा पुन्हा तोच होता, टोपी शोधणारा.

मला काही चैन पडेना. गेल्या मंगळवारी कात्र्यांना धार लावून आणतो म्हणून मी दुपारी दुकान बंद केलं ना, ती थाप होती. कात्र्या खिशातच होत्या. मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. हो, गेलो! वाटाण्याएवढं यंत्र आहे, केसांखाली झाकलं जातं, आणि केस कसे राखायचे ते मला कोणी शिकवू नये. बेकरीवाला काय म्हणाला ते मी वर लिहिलंय ना, ते मला कोणी आरशावर लिहून दाखवलेलं नाही. दोन दिवस दुकान एकटा सांभाळतोय आणि सगळ्यांच्या मिशा जागेवर आहेत. त्या मंगळवारी घरी येऊन तुला चकित करायचं, असं मनाशी ठरवलं होतं. जिना चढलो, पायऱ्या अजून तशाच करकरतात. तू स्वयंपाकघरात पाठमोरी होतीस, मावशीशी फोनवर बोलत होतीस. आपल्या घरात माझ्या पाठीमागे काय, तोंडासमोरही काहीही बोलता येतं, मग तू आवाज कशाला चोरशील? तू म्हणत होतीस, मावशी, मला तिथेच जायचंय गं, डोळे मिटले की तो फळाच दिसतो, पण बाबांचं कसं होणार, त्यांचे कान मीच आहे.

खरं सांगू? आधी मला शब्द कळलेच नाहीत. इतकी वर्षं तू माझ्याशी ओरडूनच बोललीस, आणि ओरडताना सगळ्यांचे आवाज सारखेच लागतात. तुझा हळू आवाज मी तू फळीवर बसायचीस तेव्हा ऐकलेला, चिरका, चिमणीएवढा. त्यानंतर तो कसा झाला ते मला माहीतच नव्हतं. अगं, तो तुझ्या आईचा आवाज आहे. हुबेहूब. क्षणभर मला वाटलं, तीच बोलतेय. मी तसाच खाली जाऊन दुकानात बसलो. नंतर तू डोळे का लाल म्हणून विचारलंस, मी म्हटलं, साबण गेला. तू मावशीकडे जाईपर्यंत यंत्र वस्तऱ्यांच्या खणात लपवून ठेवलं, कारण तुला कळलं असतं तर मी काय ऐकलं तेही कळलं असतं, आणि तू पुन्हा दहा म्हणी काढल्या असत्यास. म्हणून हे पत्र. तुझे कान तुझ्यासाठी ठेव, माझी सोय मी केली आहे. आई म्हणाली होती तेच खरं, तू या दुकानात मावायची नाहीस आणि मी तुला मावू देणार नाही. त्या खडूवाल्या बाईंकडे जा. शुक्रवारी त्यांना होकार कळवून झाला की दुकानात फोन कर. ओरडू नकोस, हळू बोल. फोन मी उचलतो.

तुझाच,
बाबा