आता बिल येत नाही

बाबा,

विजेचं बिल आता येत नाही. तुम्हाला हे पटणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. नोएडाच्या आमच्या सोसायटीत या उन्हाळ्यापासून मीटर प्रीपेड झाले. आधी पैसे भरायचे, मग वीज वापरायची, आणि पैसे संपले की घरातली वीज बंद. कागद नाही, शेवटची तारीख नाही, खिडकीवरची रांग नाही. तुम्ही तर बिल हातात आलं की दोन दिवस नुसतं वाचत बसायचात. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही जिन्याखालच्या मीटरसमोर टॉर्च घेऊन उभे, मी बाजूला वही धरून. आकडे तुम्ही असे खणखणीत सांगायचात की समोरचे पंजाबी काका दारात येऊन हसायचे. "भाईसाहब, सरकार आपकी चोरी थोड़े ही करेगी!" तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "सरकार में ही काम करता हूँ, इसीलिए देखता हूँ." मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, तुम्ही असता तर हे नवं प्रकरण निदान कोणीतरी मला समजावून सांगितलं असतं.

मी समजून घ्यायचा प्रयत्न केला, बाबा, खरंच केला. अर्धा दिवस रजा टाकून सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथल्या सुपरवायझरनं एका कागदावर रेघा मारून सांगितलं, "मॅडम, सिंपल है. बाहर की बिजली का एक रेट, जनरेटर का दूसरा, और मेन्टेनन्स इसी में से रोज कटेगा." म्हणजे आम्ही पंखासुद्धा लावला नाही तरी पैसे उतरतच राहणार. मी विचारलं, "और बैलेंस खतम हो गया तो?" तो म्हणाला, "तो लाइट कट. रिचार्ज करो, आ जाएगी." मी विचारलं, घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तर? त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "तो बैलेंस रखिए, मॅडम." वाईट माणूस नव्हता तो.

आईची फुप्फुसं दोन वर्षांपासून थकली आहेत. ती एक्याऐंशीची झाली. ऑक्सिजनचं मशीन तिच्या पलंगाशेजारी दिवसभर घरघरत असतं आणि नाकातली नळी घेऊन ती बाल्कनीपर्यंत जाऊ शकते. वीज गेली तर म्हणून एक छोटा सिलिंडरही आणून ठेवला आहे, पण त्याची चावी तिच्या बोटांना फिरत नाही. तिला सांभाळणाऱ्या बाई एक वाजता जातात, मी दिल्लीहून ऑफिस संपवून साडेसहाला पोचते. मधले साडेपाच तास आई आणि मशीन, दोघंच. हे तास मला पूर्वीही भिववायचे, पण नवा मीटर लागल्यापासून भीतीला जागाच मिळाली. मीटिंगमध्ये साहेब बोलत असतात आणि मी टेबलाखाली मोबाइलवर बॅलन्स बघत असते. मेट्रो जमिनीखाली गेली आणि नेटवर्क गेलं की मला वाटतं, आत्ता, नेमकं आत्ताच शून्य झालं असेल. पुरेसे पैसे भरलेले असतात हो. तरी वाटतं.

स्वयंपाकघरात एक छोटा पडदा बसवून दिलाय, त्यावर शिल्लक रक्कम दिसते. आईला त्याचा नाद लागला. सकाळी चहाच्या आधी ती नळी सावरत तिथे जाते आणि वहीत आकडा लिहिते. शेवटी तुमचीच बायको! मी तिला चिडवायचे, "आई, बाबांची पोस्ट तुला मिळाली वाटतं." ती हसायची आणि हसताना खोकायची. तुमच्या काळात मीटर महिनाभर मागून बोलायचा, जे वापरलं ते वापरलं, पुढच्या महिन्यात जपू म्हणायची सोय होती. आता आकडा डोळ्यांदेखत खाली उतरतो. बसल्या बसल्या उतरतो. हा फरक किती मोठा आहे हे मला फार उशिरा कळलं.

मोबाइलवर तासातासाचा वापरही दिसतो, उभ्या पट्ट्यांचा. पैसे जातात कुठे ते शोधायला मी एका दुपारी डबा खाता खाता तो उघडला. आदल्या दिवशीच्या सकाळच्या पट्ट्या उंच. एकपासून चारपर्यंत मात्र अगदी बुटक्या, फ्रिज आणि पंखा असावा इतक्याच. त्याच्या आदल्या दिवशी तसंच, त्याच्याही आदल्या दिवशी तसंच. घास तोंडात तसाच राहिला. वाटलं, दुपारी वीजच कापतात की काय. सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला. सुपरवायझर म्हणाला, "लाइट तो बिल्कुल चालू थी, मॅडम. आपके घर में ही लोड नहीं था." आईला फोन केला, तिनं उचलला नाही. मी पर्स उचलून निघाले, कोणाला काही न सांगता. मेट्रोच्या ब्लू लाइनवर जागा होती तरी मी दारापाशी उभी राहिले. यमुनेच्या पुलावर गाडी थांबली, दोन मिनिटं असेल, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला हाक मारली. चाळिशी ओलांडून बारा वर्षं झालेली बाई मी, आणि "बाबा, बाबा" करत होते.

दार उघडलं तर घरात आवाज नाही. ती घरघर नाही म्हटल्यावर मी चपलांसकट आत धावले. आई बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत, ताठ, हलायचं नाही असं ठरवून बसलेली. नळीची नीट घडी करून मांडीवर ठेवली होती. ओठ निळसर. पलंगापाशीचं बटण बंद. "अगं, लवकर आलीस?" ती म्हणाली, तेही तीनदा थांबून. मी मशीन लावलं, नळी अडकवली आणि तिच्या पायाशी बसून लहान मुलीसारखी रडले. "का गं? का असं?" तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गप्प बसलं की जास्त लागत नाही हवा. तीन तास तर निघतात. आकडा उतरताना बघवत नाही गं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला रागावले. असं अजून आठवडाभर चाललं असतं तर, एवढंच म्हणून थांबले. आई त्यांना म्हणाली, "हमारे मिस्टर का डिसिप्लिन था, डॉक्टर साहब. आदत पड़ गई है." डॉक्टर हसले. पुण्याला दादाला फोन केला तर तोही म्हणाला, "बाबांनी सगळ्यांना तसंच करून ठेवलंय यार." त्याला तो हिवाळा आठवला, मी बादलीत पाणी तापवायचा रॉड तसाच चालू ठेवून शाळेत गेले होते तो. तुम्ही मला मोरीच्या दारात उभं केलंत आणि विचारलंत, "कोणासाठी चालू होता हा?" मला मात्र दादाला सांगावंसं वाटलं की दहावीच्या वर्षी ह्याच माणसानं मला टेबललॅम्प आणून दिला होता आणि म्हणाला होता, हा कधीही लाव, मला विचारू नकोस. सांगावंसं वाटलं, पण मी सांगितलं नाही.

आता बाई सहापर्यंत थांबतात. स्वयंपाकघरातल्या त्या पडद्यावर मी कॅलेंडर लटकवलंय. तरी रोज एक वाजता माझा हात मोबाइलकडे जातो, पट्टी उंच दिसेपर्यंत मला पाणी गिळवत नाही. आजही दिसली उंच. म्हणून हे लिहायला धीर आला, पाठवायचं तर कुठेच नाही.

बाबा, तिला लागलेली ती सवय तुमची नव्हती. पहिला रिचार्ज अकरा दिवसांत संपला त्या संध्याकाळी मी थकून आले होते, आणि तिच्या पलंगासमोर उभी राहून, मशीनकडे बघत म्हणाले होते, "हे दिवसभर लागतंच का गं?" आईनं नळी सावरली. डॉक्टरांसमोर तिनं तुमचं नाव घेतलं तेव्हा तिला ते आठवत होतं, मलाही आठवत होतं, आणि मी तिच्या शेजारी बसून मान हलवली.