दोन मंडळ्यांच्या भेटी

२ सप्टेंबर, मंगळवार
फलकावर नाव कोणाचं वर, यात दीड तास गेला. आमची ख्रिस्ती मंडळी जुनी. त्यांची सहा वर्षांची, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरणारी. घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना दोघांनी मिळून भेटायचं, ही कल्पना माझी. म्हणजे नाइलाजाने माझी — आमच्याकडे भेटी देणारे तिघेच उरलेत, आणि त्यातले दोघं स्वतःच यादीत जायला आलेत.

मी सुचवलं, वर्णक्रमाने नावं लावू. आमचं आधी येतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. (खोटं. आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं.)

त्यांचा पाळक म्हणाला, "तुमचंच वर घ्या. दार कोण वाजवतंय ते म्हाताऱ्यांना कळलं म्हणजे झालं."

जिंकलो. घरी येईपर्यंत हरल्यासारखं वाटत होतं.

३ सप्टेंबर
ही विचारते, फलक लावणार कुठे? दीड तासात हे कोणालाच सुचलं नव्हतं.

९ सप्टेंबर, मंगळवार
प्रत्येक जोडीत एक आमचा, एक त्यांचा. माझ्या वाट्याला त्यांचा पाळकच आला. पूर्वी रुग्णवाहिका चालवायचा. मनातल्या मनात मी त्याला ड्रायव्हरच म्हणतो. देवशास्त्राची पदवी नाही. मला दोन आहेत. त्याने विचारल्या नाहीत.

पहिलं घर पोस्टातल्या बाईंचं. निवृत्त, गुडघे गेलेले, तीस वर्षं आमच्या मंडळीत. मी प्रार्थना सुरू केली. आजारी, एकाकी, राज्यकर्ते — सगळ्यांना घेत घेत निघालो. मधेच कट्-कट् आवाज. डोळा किलकिला करून पाहिलं, तर ड्रायव्हर जमिनीवर बसून बाईंच्या पायाची नखं कापतोय! बाईंच्या चेहऱ्यावर शांती. माझ्या प्रार्थनेने की नखांनी, विचारायची छाती झाली नाही.

निघताना म्हणाल्या, "पाळकसाहेब, आज आतल्या खोलीपर्यंत आलात. बरं वाटलं."

बारा वर्षं दारातूनच उरकत होतो. घाईत असायचो. कसल्या, ते आठवत नाही.

१० सप्टेंबर
नेलकटर आणला. स्वतःच्या नखांवर सराव. हिने पाहिलं, आणि आपले पाय पदराखाली ओढून घेतले. ते लागलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
बाईंच्या अंगठ्यातून रक्त काढलं. थेंबभरच, पण मी पांढराफटक. ड्रायव्हरने कापूस धरला आणि खुर्चीत बसवलं ते मला. बाई धीर देत होत्या — "होतं असं, पाळकसाहेब. तुमचं बायबलवाचन चांगलं आहे."

२१ सप्टेंबर, रविवार
उपासनेनंतर आमच्या कमिटीच्या सचिवांनी गाठलं. "ते आपली मेंढरं पळवणार. आज तीन बाकं रिकामी होती." मी तोऱ्यात म्हटलं, मेंढरं प्रभूची आहेत. मग घरी येऊन, तिकडे कोण कोण जाईल याची यादी केली. पहिलं नाव पोस्टातल्या बाईंचं. त्यांना खाटेवरून उठता येत नाही! कागद फाडला.

२३ सप्टेंबर, मंगळवार
गाडीत ड्रायव्हरला विचारलंच, आमचं कोणी तुमच्याकडे येतं का?

"तुमच्या मंडळीतले ते चष्म्याच्या दुकानवाले येऊ का म्हणत होते. म्हटलं, आधी तुमच्या पाळकांना भेटा. आले नाहीत का?"

नाही आले. मी भेटण्यासारखा वाटायला तर हवा.

२४ सप्टेंबर
चष्मेवाल्यांच्या घरी मीच गेलो. दोन तास बसलो. मी कमी बोललो. हिचा विश्वास बसत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार
भेट आटोपली, पण ड्रायव्हर गाडी सुरू करेना. समोर बघत म्हणाला, "बायको गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. रविवारी मंडळीतल्या कोणाला तरी पुढे करतो. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. जोडीला तुम्हाला मीच मागून घेतलं. शेजारी कोणी प्रार्थना म्हणत असलं, की निदान ऐकता येतं."

मला वाटत होतं, तो मला सोसतोय.

"आज माझ्यासाठी म्हणाल?"

पाठ असलेलं एकही वाक्य आठवेना. त्याचा हात धरला, आणि बायकोचं नाव विचारलं.