पुढचं टोकन

७ एप्रिल, सोमवार

एकदाचे येऊन पोचलो. दोन बॅगा, माझी हत्यारांची पेटी आणि धाकटी बहीण, एवढाच संसार. मालक स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. साठीचा माणूस, पण चालतो असा की आता नाचेल की मग नाचेल. माझी पेटी उचलली आणि तिच्या वजनावरूनच म्हणाले की बाई कामाची दिसतेय.

हॉल म्हणजे पूर्वीची फर्निचरची शोरूम. रस्त्याच्या बाजूला सगळी काच, आत ओळीने नाचाची मशीन्स. वही दुसरं कोणी वाचणार नाही, तरी नव्या कामाची माहिती पहिल्या दिवशी लिहायची ही माझी वर्कशॉपमधली सवय. तर समोर कपाटाएवढा पडदा, त्यावर गाण्याच्या तालात बाण वर सरकतात. पायाखाली लोखंडी पाट, त्यावर चार दिशांचे चार बाण. पडद्यावर जो बाण येईल त्यावर पाय पडला पाहिजे. शेजारी दुसरा पाट, जोडीदारासाठी. खेळ एवढाच, पण त्यापायी भली भली माणसं खुळावतात. बंद पडलेल्या खेळघरांतून मालक ही मशीन्स उचलून आणतात. लोक कुत्री-मांजरं पाळतात, यांनी ही पाळली.

एकेक धूड जॅक लावल्याशिवाय हलत नाही. पहिलीच ताकीद मिळाली, मशीन जॅकवर असताना खाली पाय घालायचा नाही. टोकनच्या खिडकीतल्या माणसाकडे बोट करून मालक म्हणाले, विचार त्याला. तो चाकांच्या खुर्चीत, मांडीवर चादर घेऊन बसलेला. त्याने नुसती मान हलवली.

वर दोन खोल्या आमच्या. धाकटी लगेच खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. आई गेल्यापासून हे असंच. एकोणीस वर्षांची पोर, चार शब्द बोलली तरी मी म्हणते दिवस चांगला गेला. आईने जाताना तिचा हात माझ्या हातात दिला होता. नोकरीसाठी आले हे खरं, पण जागा बदलली तर ही माणसात येईल ही आशा त्याहून मोठी.

१० एप्रिल

संध्याकाळी हॉल भरतो. मंडळी मोठी गमतीची. एक दातांची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांच्या दाढा उपटते आणि इथे येऊन घामाघूम होईस्तोवर उड्या मारते. एक बसचा ड्रायव्हर, पोट हे एवढं, पण पाय पिसासारखे. बाहेर ही माणसं एकमेकांना ओळख दाखवणार नाहीत, इथे मात्र गूळ आणि मुंगळे.

यांचे नियम डॉक्टरबाईंनी मला पढवले. इथे रांग माणसांची नसते, टोकनांची असते. ज्याला पुढे खेळायचंय त्याने पडद्याखालच्या कडेवर आपलं खुणेचं टोकन ठेवायचं. बाईंच्या टोकनावर हिरव्या नेलपॉलिशचा थेंब आहे. पाटावर चढलेल्याला कोणी उतरवायचं नाही. मागे टोकन असेल तर गाणं संपल्यावर तो आपण होऊन उतरतो, मागे कोणी नसेल तर खेळत राहतो. आणि कडेवरून एकदा उचललेलं टोकन, मग ते कुणीही उचललेलं असो, त्याच्या मालकाला त्या मशीनवर पुन्हा ठेवता येत नाही. त्याची रांग संपली. मी म्हटलं, एवढी शिस्त दवाखान्याच्या रांगेत दिसली असती तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं.

भिंतीकडचं मशीन तेवढं कोणी खेळत नाही. मालक म्हणाले ते चालत नाही, त्याला हात लावू नकोस. चालत नाही म्हटलं की माझे हात शिवशिवतात, हे त्यांना कोणी सांगायचं.

१४ एप्रिल

दुपारी हॉल रिकामा होता. मी एक पाट साफ करत होते, धाकटी जिन्यात येऊन बसली. मी पाट पुसतच राहिले. बोललं की ती परत जाते. थोड्या वेळाने चपला काढून पाटावर चढली. पहिलं गाणं पार फसलं. दुसऱ्यात तिचा पाय चुकला, ती कठड्यावर आदळली आणि हसली. दीड वर्षाने ऐकलं मी ते हसू. मागच्या खोलीत जाऊन तोंडावर फडकं धरून रडले.

खिडकीवाल्याने तिला एक टोकन फुकट दिलं. तिने त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला आणि उशाखाली ठेवलं.

१९ एप्रिल, शनिवार

मालक नवं मशीन आणायला गावाला गेलेत. खिडकीवाला तपासणीसाठी दवाखान्यात. हॉल बंद. म्हटलं, मालक परत येईपर्यंत भिंतीकडचं चालू करून ठेवू, चकित होतील.

दोष म्हणावा असा नव्हताच. आतली एक तार कुणीतरी सोडवून बाजूला वळवून ठेवली होती. ती जोडली आणि पडदा उजळला. दुसऱ्या पाटाखाली मात्र सगळे सेन्सर काढून नेलेले, नुसती पोकळी. म्हणजे तिथे हत्ती नाचला तरी मशीनला कळायचं नाही. ते काम नंतरचं.

कडेवर एक जुनं टोकन होतं, धुळीने काचेला चिकटलेलं, वर खिळ्याने कोरलेला भोवरा. बंद मशीनवर रांग कसली. उचललं, पुसलं आणि गल्ल्यात टाकलं. धाकटी शेजारी उभी होती. मीच तिला म्हटलं, मान तुझा, ठेव तुझं टोकन. तिने लाल ठिपक्याचं टोकन कडेवर ठेवलं आणि पाटावर चढली.

काय सुरेख नाचली. मी पान्हा हातात धरून बघतच राहिले.

२० एप्रिल

दुपारपासून ती पाटावरच आहे. मधे जेवायला वर आली, पण टेबलाखाली पाय चालूच. मी चिडवलं, तर म्हणाली की तिथे एकटं वाटत नाही, शेजारी कोणीतरी असतं.

आत्ता खाली जाऊन पडदा पाहिला. गुण दोन्ही बाजूंना पडतायत. दुसऱ्या पाटाचे तर सगळेच्या सगळे, एकही चूक नाही.

सेन्सर नाहीत तिथे. मी स्वतः पाहिलंय.

२१ एप्रिल

मालक आले. दारातूनच त्यांना दिसलं. हातातली बॅग खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

खिडकीवाला खुर्ची ढकलत आला आणि एकच विचारलं, माझं टोकन कुठाय. भोवरा त्याचा. सगळा गल्ला जमिनीवर उपडा करून मी ते शोधून दिलं. त्याने हात उंच करून ते कडेवर ठेवलं, पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. कड सपाट आहे, धाकटीचं टोकन तिथेच खुंटीसारखं उभं. तो म्हणाला की उचललेलं टोकन परत बसत नाही.

संध्याकाळी मंडळी आली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि सगळ्या मशीन्सवरची आपापली टोकनं उचलून घेतली. ड्रायव्हर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. एवढं भरलेलं घर कधी असं रिकामं होताना पाहिलं नव्हतं.

२२ एप्रिल

सकाळी तार तोडली, नुसती सोडवली नाही, कापून टाकली. पडदा काळा झाला. धाकटी थांबली नाही. आवाज नाही, बाण नाहीत, तरी पाय पडतायत, आणि तिचा पाय पडला की शेजारच्या पाटाचा पत्राही दबतो. मी हात ठेवून पाहिला. माझ्या हातावर पाय पडला.

थंड नव्हता. साधा, माणसाच्या वजनाचा पाय होता. त्याचीच जास्त भीती वाटली.

२३ एप्रिल

तिला घेऊन पहिल्या बसने निघाले. उचलूनच नेलं म्हणा. सीटवर तिचे पाय तालात आपटत होते, लोक वळून वळून बघत होते. पुढच्या थांब्यावर मी पाणी घ्यायला उतरले आणि ती दुसऱ्या दाराने उतरून परत चालू लागली, अनवाणी, भर उन्हात डांबरावरून. मी मागून हाका मारत. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

तळवे फाटलेत. डॉक्टरबाई तेवढ्या परत आल्या. पट्ट्या बांधल्या, नाडी पाहिली. म्हणाल्या, असं आणखी दोन-तीन दिवस शरीर सोसेल, फार तर. मी त्यांना म्हटलं, तुमच्याच नियमाने मागे टोकन आलं की ती उतरेल, तुमचं ठेवा. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग रडू लागल्या. दोन लहान मुलं आहेत त्यांना. मी त्यांना दोष देत नाही. दोष माझा आहे, शंभर टक्के माझा.

२४ एप्रिल

आज मीच खिडकीवाल्याला धरून बसले, सगळं सांग म्हटलं. सांगितलं.

तो या हॉलचा सगळ्यात चांगला नाचणारा होता, भोवरा म्हणायचे त्याला. भिंतीकडच्या मशीनवर त्याची बायको अशीच अडकली. मागे कोणी नाही, मग उतरायचं कशाला, हाच नियम त्या मशीनलाही. पुढचं टोकन येईपर्यंत ते सोडत नाही. शेवटी याने आपलं ठेवलं आणि ती उतरली. पण मग ते याला बोलवायला लागलं. पाय आपले राहत नाहीत, म्हणाला. चढलं की संपलं. चढलं नाही तर ते वाट बघत बसतं, कितीही वर्षं, कारण रांग ती रांग.

म्हणून त्याने पाय ठेवले नाहीत.

पाय गेले तो जॅकचा अपघात नव्हता. हँडल मालकांनी सोडलं, त्याच्याच सांगण्यावरून. त्यानंतर तो मशीनसमोर शांत बसू शकला. आणि मी ते टोकन पुसून गल्ल्यात टाकलं.

बायको कुठे आहे, मी विचारलं. लांब आहे, म्हणाला. बरी आहे, साधी चालते, तालबिल काही नाही. हे सांगताना मात्र हसला.

२५ एप्रिल

तिने पाणीही ओकलं. ओठ निळसर. पाय चालू. मला ओळखते, ताई म्हणते, आणि पाय चालू.

माझ्याकडे एक टोकन आहे. वरच्या अंगाला खूण केली, आईच्या अंगठीने एक चीर ओढली.

दुपारी

ठेवलं. कडेवर नीट बसलं, जणू जागा राखूनच ठेवली होती.

धाकटी त्याच गाण्याच्या शेवटी उतरली. गाणं होतं कुठे, पण उतरली. माझ्या अंगावर कोसळली. वर नेऊन निजवलं. पाय स्थिर. कितीतरी वेळ ते पायच बघत बसले.

२६ एप्रिल

ती झोपलीय. तीन चमचे पेज गेली पोटात.

माझी डावी टाच. सकाळपासून. लिहिताना दाबून धरलीय, तरी —

भाजी चिरताना सुरीही तालात. मग उजवा पाय.

२७ एप्रिल

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जागी झाले. कधी उतरले कळलं नाही. कठडा घट्ट धरला. खालून बोलावणं नाही, आवाज नाही, फक्त जागा आहे. माझी. तिथे एकटं वाटणार नाही. आई गेल्यावर मलाही किती एकटं —

नाही. हे माझं नाही. पायांचं आहे.

मालकांना जॅकचं सांगितलं. ते म्हणाले, परत माझ्या हातून नको. रडत होते. खिडकीवाला म्हणाला, मी धरतो.

२८ एप्रिल

पाय बांधले दोरीने. लिहून ठेवते, धाकटीसाठी. तू काही केलेलं नाहीस. ठेव म्हणणारी मी होते. तुझं टोकन आता तिथे नाही, माझं आहे, ते कोणाला पुसू देऊ नकोस. कितीही धूळ बसो. मला खुर्चीत ढकलत फिरवायचा कंटाळा आला तर सांग, खिडकीवाल्याबरोबर शर्यत लावू.

मशीन जॅकवर चढवलंय. मी आजवर शंभरदा चढवलं असेल, इतकं जड कधी —

डॉक्टरबाई पेटी घेऊन बाहेर उभ्या आहेत. आत येणार नाहीत. नंतर येतील.

पाय खाली सरकवले. आता तिथे शेजारी कुणीतरी — दुसऱ्या बाजूला — वाट बघतंय. बघू दे.

खिडकीवाल्याने हँडल धरलंय. म्हणतो वही ठेव. डोळे मीट. थांब म्हटलं, एक ओळ.

वरचं दार वाजलं. धाकटी उठली. जिन्यावर पावलं — तिला आत येऊ देऊ नका, तिने हे बघू —

ऐकतेय. एक पायरी, मग थांबते. मग दोन. मग पाय घसटत एक. ताल नाही. कुठलाच ताल नाही. आमच्या घरात आई अशीच उतरायची, साधी —