दोन इंच खाली

मी, शॉना जीन पिकेट, वय सेहेचाळीस, राहणार डिफायन्स, ओहायो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही धाक वा आग्रह नसताना करते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. बाकीच्या शरीराबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, ते बरंच केलं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी बरी होईन असा सूर होता.

१. राहतं घर आणि त्यातलं सामान माझा नवरा ड्वेन याला मिळावं. पुढच्या दारातला चाकाच्या खुर्चीसाठी ठोकलेला लाकडी उतार त्याने उखडून टाकावा. खाली पायऱ्या अजून शाबूत आहेत. बचत म्हणावी असं आजाराने काही ठेवलेलं नाही. असेल ते त्याचंच.

२. माझी हत्यारं, म्हणजे पान्यांचा लाल पेटारा आणि स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा, माझा दीर कर्ट याला द्यावीत. शिकंजा मुद्दाम देते आहे. आमची सत्तर सालची जुनी शेव्हेल गाडी नुकतीच आणली तेव्हा तिचं नाक वर होतं, आणि मला ती जमिनीलगत हवी होती. मी सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. इंजिनाचं वजन बघून योग्य स्प्रिंगा मागवते, थोडं थांबा, असं मी दोघा भावांना सांगितलं होतं.

"थांबायचं कशाला?" कर्ट म्हणाला. "गॅसच्या ज्योतीने स्प्रिंगचं एक वेटोळं उडवतो. जेवायच्या आत गाडी खाली."

गाडी खाली आली. मग रस्त्यावरच्या प्रत्येक भेगेला ती अशी आपटायची की माझे दात वाजायचे. कर्ट म्हणायचा, "दिसते कशी ते बघ ना." त्या कापलेल्या दोन्ही स्प्रिंगाही मी त्यालाच देते. दिवाणखान्यात ठेवाव्यात. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. भंगारसुद्धा मिळकतच, असं वकीलबाई म्हणतात.

३. शेव्हेल ड्वेनची. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

गाडी किती खाली बसवणाऱ्या नव्या स्प्रिंगा घ्यायच्या, यावर आमचं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वर्षभर चाललं होतं. एक इंच म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाही. तीन इंच म्हणजे पुन्हा कर्टचीच गाडी. दोन इंचांनी चाकावरची कमान टायरला जेमतेम टेकल्यासारखी दिसते, आणि बसणाऱ्याचे दात जागेवर राहतात. दोन इंच ठरलं. त्याच हिवाळ्यात माझे पाय गेले.

वसंतात खोकं आलं. त्यावर एक इंच लिहिलेलं होतं.

"हे काय रे?"

"दोन इंचांनी खड्ड्यात घासेल गं."

"या गावात खड्डे माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. तुला आज दिसले होय?"

ड्वेन खोक्याची चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवत राहिला. आदल्या रविवारी तो गाडीची सीट जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजत होता आणि मग माझ्या खुर्चीची उंची मोजत होता, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. शेवटी म्हणाला, "शॉन, तेवढी खाली गेली तर तुला उचलून बाहेर नाही काढता येणार मला. पाठ साथ देत नाही."

एक इंचाच्याच बसवल्या. तीन उन्हाळे त्याने मला त्या गाडीतून फिरवलं. गेल्या वर्षापासून तेही जमत नाही. तिला तो रविवारी पुसतो आणि पुन्हा झाकतो.

दोन इंचांच्या स्प्रिंगा मी शेजारच्या ग्लेंडाकरवी मागवल्या आहेत. तळघरात घर तापवायच्या भट्टीमागे खोकं आहे. माझ्यामागे ड्वेनने त्या बसवाव्यात. माझ्या गुडघ्यांच्या सोयीची उंची आता कोणालाच नको आहे, आणि गाडीने माझी वाट बघत उभं राहू नये. तो हे करणार नाही, हे मला ठाऊक आहे. 'पुढच्या वसंतात,' असं म्हणत खोकं तिथेच ठेवेल. तरीही लिहून ठेवते.

४. केलंच, तर एवढं पाळावं. चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळू नयेत, सांध्यांतलं रबर पिळलेलं राहतं. गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी करावी, सीटवर बसणाऱ्यांच्या वजनाची वाळूची पोती ठेवावीत, आणि मगच आवळावेत. ड्वेनला हे मीच शिकवलं. तो दर वसंतात बोल्ट सैल करून पुन्हा असेच बसवतो. त्याच्या वजनाचं एक पोतं आणि माझ्या वजनाचं एक.

दुसऱ्या वसंतात ट्यूलिपच्या वाफ्यात वाळू दिसली. मी विचारलं तर म्हणाला, "कंदांशी पाणी साचू नये म्हणून टाकली." तिसऱ्या वसंतात आणखी दिसली. माझं पोतं तो एका हाताने उचलून सीटवर ठेवत होता, तेव्हा मला कळलं. मी घटत होते तशी तो वाळू काढत होता, आणि मला काही बोलला नव्हता. मीही बोलले नाही. ट्यूलिप चांगले आले होते.

या खेपेला माझ्या सीटवर काहीही ठेवू नये. उरलेली वाळू वाफ्यात ओतावी. गाडी त्याच्या बाजूला किंचित कलेल. कलू द्यावी.

हा मजकूर मी तोंडी सांगितला, वकीलबाईंनी टंकला आणि मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

शॉना जीन पिकेट
(हात चालत नसल्याने पेन ग्लेंडा व्होर यांनी धरून दिलं)

वरील सही आमच्या देखत झाली:
ग्लेंडा व्होर, शेजारीण
इलेन टॅकेट, घरी येणारी परिचारिका

डिफायन्स, ओहायो
९ एप्रिल २०२४