बाथरूममधली देवळी

रविवार, ४ जानेवारी १९७६
संकल्प. या वर्षी घरात बाथरूम. मोरी नव्हे, बाथरूम. पांढऱ्या टाइल्स, वर शॉवर, आणि भिंतीच्या आतच साबणासाठी खण. मिलच्या मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये एक इंग्रजी मासिक पडलेलं असतं, त्यात फोटो पाहिला. साबण, तेल, ब्रश, सगळं भिंतीच्या पोटात. बाहेर काही लोंबत नाही. त्याला निश म्हणतात. स्पेलिंग पाहता निचेही म्हणत असतील. हेडक्लार्कला एवढं माहीत असलंच पाहिजे.

रुद्राणीला सगळं समजावून सांगितलं. बायको म्हणून तिचं मतही विचारलं. म्हणाली, टाइल्स असू द्या नाहीतर नसू द्या, दाराला आतून कडी पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून ती स्वैपाकघराच्या कोपऱ्यातल्या मोरीत, दोरीवर साडी टाकून तिच्याआड आंघोळ करते. म्हणाली, कुणी येईल का याच्याकडे कान न लावता एकदा डोक्यावरून पाणी घ्यायचंय. याला डिझाइन म्हणत नाहीत. तरी प्लॅनच्या मागे लिहून ठेवलं.

गुरुवार, ८ जानेवारी
सकाळी मागच्या बोळाची मापं घेतली. याच बोळावर छप्पर टाकून बाथरूम. बोळ अरुंद आहे. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो की दोन्ही कोपरं भिंतींना लागतात. म्हणजे कॉम्पॅक्ट. परदेशात मुद्दाम असंच बांधतात.

प्लॅन नंबर दोन काढला, ग्राफ पेपरवर. पाठ भरून आली.

शुक्रवार, १६ जानेवारी
काम सुरू नाही. गड्ड्याची जत्रा चालू आहे. गवंडी धुळाप्पा म्हणाला, जत्रा उठू द्या की, मग येतो. या गावात जानेवारीत काही होत नाही.

मधल्या वेळात शॉवर आणला. दुकानदाराने विचारलं, टाकी कुठंय तुमची? म्हटलं, टाकी नाही. म्हणाला, मग पाणी वर चढायचं कसं? आमच्याकडे नळाखाली खड्डा केलाय आणि त्यात घागर उतरवावी लागते, तेव्हा धार येते, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, उजनीचं धरण होऊ द्या, मग बघा. तो हसला. माणसांना दूरदृष्टी नसते.

रविवार, १ फेब्रुवारी
धुळाप्पा आला. प्लॅन नंबर चार त्याच्यापुढे पसरला. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा धरला, मग त्यावर तंबाखूची पुडी ठेवली. निश कुठे घ्यायची ते दाखवलं. म्हणाला, ही काय भानगड हाय साहेब? म्हटलं, भिंतीत आत घ्यायचा चौकोन. त्याला कळेना. शेवटी त्याच्याच भाषेत सांगितलं, देवळी रे, देवळी. लगेच चेहरा उजळला. व्हय व्हय, म्हणाला, देवळी लई केल्यात मी. दिव्याची का? म्हटलं, दिवा तर लागणारच, आत अंधार असतो. बल्बचा पॉइंट घ्यायचाच आहे. म्हणाला, मग पूर्वेच्या भिंतीत करतो. म्हटलं, कर.

माणसांशी त्यांच्या भाषेत बोललं की कामं पटापट होतात. ऑफिसात हे कुणाला जमत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी
भिंती झाल्या. दार बसलं. रुद्राणीने संध्याकाळी आत जाऊन कडी लावली, काढली, परत लावली. मी बाहेरून विचारलं, काय करतेस? म्हणाली, काही नाही. बराच वेळ आत उभी होती. आत अजून नुसता सिमेंटचा वास आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी
ऑफिसातून थकून आलो तर निश तयार. जरा वेगळी झाली आहे. वरून कमान काढली आहे. कमानीखाली पुढे आलेली छोटी पायरी. मध्ये, मी कोपऱ्यासाठी आणलेली कमळाची टाइल. बाजूला तेलाची बुधली टांगायला खिळा. धुळाप्पा लांब उभा राहून मान वाकडी करून बघत होता. म्हणाला, अशी देवळी तुमच्या पेठंत न्हाय कुणाकडं.

उंचीही चुकली आहे. उभ्या माणसाच्या खांद्याशी हवी होती, ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आली आहे. ओरडणार होतो. मग विचार केला, शॉवर धरणानंतर चालू होणार. तोवर पाटावर बसूनच आंघोळ. म्हणजे उंची बरोबरच आहे. नशिबाने माझा प्लॅन अशा चुकाही पोटात घेतो.

टाइल्स कमरेपर्यंतच पुरल्या. वरचा भाग चुन्याने. दोन रंग छान दिसतात, असं मी सर्वांना सांगणार आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी
आई अक्कलकोटहून आली. तिथे ती माझ्या धाकट्या भावाकडे, निंगप्पाकडे असते. डोळे दाखवायला म्हणून चार दिवस आली आहे. बाथरूम सुकतंय, शनिवारपर्यंत कुणी पाणी सांडायचं नाही असं मी बजावलं आहे. रुद्राणीने शनिवारसाठी शिकेकाई उकळायचं ठरवलं आहे. तिने नवा साबणही आणला, वासाचा. एरवी आमच्याकडे कपड्यांचा आणि अंगाचा साबण यात फारसा भेद नसतो.

शनिवार, २१ फेब्रुवारी, सकाळ
घाईत लिहितो आहे.

उठलो तर बाथरूमची कडी आतून लागलेली. वाटलं रुद्राणी आहे. पण ती स्वैपाकघरात होती, हातात शिकेकाईचं पातेलं. आतून उदबत्तीचा वास. थोड्या वेळाने आई बाहेर आली. कपाळावर विभूती ओली, गळ्यातलं लिंग नीट वस्त्रात गुंडाळलेलं. मागे देवळीत समई लागलेली, पायरीवर बेल, विभूतीचा गोळा, खिळ्याला तेलाची बुधली.

आई कानडीत म्हणाली, छलो माडिदी, बसू. आईला मी अजून बसूच. फार छान केलंस म्हणाली. निंगप्पाकडे स्टोव्हच्या बाजूला बसून लिंगपूजा करावी लागते, पोरं अंगावरून उड्या मारतात. सगळं आयुष्य असंच गेलं. पूर्वेला तोंड, पांढरीशुभ्र जागा, वर कमळ, आणि दार लावलं की कुणाचा आवाज नाही. निंगप्पाला कधी सुचलं न्हाय ते तुला सुचलं. माझ्यासाठीच केलंस न्हवं?

आईने आजवर मला निंगप्पाच्या वर कधीच धरलं नव्हतं. मॅट्रिक झालो तेव्हाही नाही, हेडक्लार्क झालो तेव्हाही नाही. मी म्हटलं, हो आई, तुझ्यासाठीच.

रुद्राणी मागे दारात उभी होती, हे नंतर लक्षात आलं.

शनिवार, संध्याकाळ
परिस्थिती आटोक्यात आहे. आईला फक्त सकाळी पूजा करू द्यायची, नंतर समई बाजूला ठेवून आपण आंघोळी करायच्या. हे मी आईला सांगणार होतो. तेवढ्यात आई म्हणाली, त्या जागेत आता साबणाचं पाणी नको हं. मी म्हटलं, छे छे.

रुद्राणीने मोरीत आंघोळ केली. मध्येच मी पाणी प्यायला स्वैपाकघरात गेलो. ती पडद्याआडून म्हणाली, कोण आहे? मी म्हटलं, मीच. पाण्याचा आवाज थांबला होता. तहान तशी फार नव्हती.

मंगळवार, २ मार्च
डोळ्यांचं काम झालं. शिवरात्रही झाली. आईने निंगप्पाला निरोप धाडला की आता मी इथेच राहणार. निंगप्पाने दुसऱ्याच दिवशी तिची ट्रंक पाठवून दिली. एवढा तत्पर तो कधीच नव्हता.

पेठेतल्या दोन बायका सकाळी देवळीचं दर्शन घेऊन गेल्या. एकीने शॉवरला हळदकुंकू वाहिलं. अभिषेकाची सोय चांगली केली म्हणाली.

शुक्रवार, ५ मार्च
रुद्राणी टेंभुर्णीला बहिणीकडे गेली. पिशवीत कपडे आणि तो वासाचा साबण. मी विचारलं, काय काम काढलंस? म्हणाली, आंघोळ. मला वाटलं चेष्टा करते. परत कधी येशील? म्हणाली, मनासारखी झाली की येते.

एका आंघोळीला असा किती वेळ लागतो. रविवारच्या आत येईल.

बुधवार, १० मार्च
आली नाही. आई विचारते, सून कुठंय? म्हटलं, बहिणीला बरं नाही. भाकरी मला जमत नाही, आईला अजून नीट दिसत नाही. प्लॅन नंबर सात काढला. बाथरूमच्या मधोमध प्लायवुड. एका बाजूला देवळी, दुसऱ्या बाजूला रुद्राणी. बोळाच्या रुंदीचा प्रश्न आहे. माणूस आडवा वळून आत गेला तर बसतं.

रविवार, १४ मार्च
एसटीने टेंभुर्णीला गेलो. उन्हाने डोकं दुखत होतं. मेहुणी सोनाबाई म्हणाली, अक्का न्हाणीत हाय, बसा की.

ओट्यावर बसलो. समोर परसात त्यांची न्हाणी. चार बाजूंनी पत्रे, वर छप्परच नाही, खाली शहाबादी फरशीचा तुकडा. काही डिझाइन नाही. दार लावलेलं होतं. आत पाणी पडत होतं, मग थांबत होतं, मग पुन्हा पडत होतं. मध्येच ती काहीतरी गुणगुणत होती. मी कान देऊन ऐकलं. रुद्राणी गुणगुणते हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कधी ऐकलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि काय करावं ते कळेना, म्हणून प्लॅन नंबर सात खिशातून काढून हातात धरून बसलो.

बऱ्याच वेळाने ती केस पुसत बाहेर आली. मला पाहून आधी विचारलं, आई जेवतात का नीट? म्हटलं, जेवतात. मग प्लॅन उलगडून दाखवला. प्लायवुड कुठे येणार, आडवं वळून आत कसं जायचं, सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. केसांतलं पाणी कागदावर ठिबकलं, तो तिने पदराने टिपून मला परत दिला. म्हणाली, हे झालं की कळवा.

मग आत गेली. आत ती सोनाबाईला सांगत होती ते ऐकू आलं. एकच कप टाक, ते चहा घेऊन निघतायत.

चहा घेतला. निघालो.