जावई, लेक आणि भाड्याची बोट

१४ मे, सकाळ
बोट ताब्यात घेतली. मी कॅप्टन, जावई मदतनीस, बायकोकडे स्वयंपाक, लेकीला आराम. लेक सहा महिने आमच्याकडेच आहे. नवराबायकोचं जरा बिनसलंय, बाकी काही नाही. आठवडाभर एका बोटीत राहिले की येतील ताळ्यावर. बायको म्हणाली, त्या दोघांना विचारलंत का? विचारायचं काय? आले ना, यातच सगळं आलं.

१४ मे, दुपार
पुलाला घासलो. कालवा अरुंद खोदलाय.

१५ मे
उद्यापासून पहाटे उठून सुकाणू धरायचं, असं काल ठरवलं होतं. साडेनऊला जाग आली. तोवर जावयाने बोट बरीच पुढे आणलेली. पोराला तयार चांगलं केलंय मी.
वाटेत लॉक लागलं. तिथे दरवाजे लावून पाणी चढवतात, मग बोट वर जाते. लेक आणि जावयाने शेजारी शेजारी पाठ टेकवून दरवाजा ढकलला. मी मुद्दामच हात लावला नाही. कंबरेचा काही संबंध नाही.

१६ मे
प्रगती! भांडी घासताना दोघं हसत होती. एकमेकांना ‘सॉरी’, ‘थँक यू’ चाललंय. बायकोला म्हटलं, बघ! तर तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "भांडत होती तोवर मला आशा होती."
हिचं सगळं उलटंच.

१७ मे
संध्याकाळी जावई सुकाणूपाशी येऊन बसला. जानेवारीत माझ्या ऑपरेशनच्या वेळी हाच उशाशी बसून होता. मुलगा असता तर आणखी काय वेगळं केलं असतं? त्याने दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "बाबा, आमचा घटस्फोट गेल्या महिन्यातच झाला. तुमची तब्येत बघून सांगवलं नाही."
इंजिनाचा आवाज फार होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मोठी बोट घेऊ, हिच्यात तुझे पाय मावत नाहीत.
बोट काठाला जायला लागली, तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून त्याने ती सरळ केली.

१८ मे
जावई सकाळीच उतरला. काठावर बसस्टॉप आहे. लेकीने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग आत जाऊन दार लावून घेतलं.
नंतर तिला विचारलं, सगळं संपलंच होतं तर आलात कशाला? म्हणाली, "तोच म्हणाला जाऊया, बाबा. त्याला तुझ्यासोबत थोडे दिवस हवे होते."
बायकोला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मलाही असावं.
सकाळी बॅग उचलताना तो वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, "येतो, बाबा."
येतो म्हणाला. निघताना तसंच म्हणतात.