एक्स्चेंजमधली शिडी

१२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र हातात घेतल्याबरोबर चष्मा शोधत बसू नकोस, डोक्यावर असेल. बातमी मोठी आहे. आमच्या टेलिफोन ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर पाटी बसणार आहे. लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची, हा नियम ज्या ऑपरेटर बायकांनी मोडून काढला त्यांच्या नावांची. पहिलं नाव तुझं, आणि पडदाही तूच उघडायचास! दोन पोरांची आई असून मी इथे इंजिनिअर आहे ती तुमच्यामुळेच, हे मी साहेबांना चारचौघांत ऐकवलं. आता नाही म्हणून माझं नाक कापू नकोस.

उत्तर लवकर धाड, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बडबडी

१९ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

चष्मा डोक्यावरच होता. पण बाई, पहिलं नाव माझं कसं? पहिली उभी राहिली ती शिडी. फोन जोडायच्या बोर्डाची सगळ्यात वरची ओळ ती बसल्या जागेवरून गाठायची, म्हणून आम्ही तिला शिडी म्हणायचो. बाकीच्या लग्न लपवायच्या. हिनं सुपरवायझरीणबाईंना तोंडावर सांगितलं, की माझं लग्न झालंय आणि मी उद्याही कामावर येणार. त्याच दुपारी तिला काढलं. मग आम्ही सगळ्यांनी हेडफोन उतरवून ठेवले आणि गावभरचे फोन मुके झाले.

पुढे नियम गेला, पण आधी काढलेल्यांना परत घेणार नाही म्हणाले. सांगायला तिच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. नवऱ्याची बदली झाली होती, पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. लढाई तिची आणि नोकरी भोगली आम्ही, हे मला आजही खातं गं.

तिला शोध. ती आली तर मी तिच्या मागे उभी राहीन. नाहीतर पडद्याला दुसरं कुणी बघा.

पोरांना पापे. म्हातारीवरचा लोभ कमी करू नका.

तुझी मावशी

६ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. शिडीमावशींचं घर सापडलं, पण त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांनी काढलेलं शिवणाचं दुकान आता मुलगी चालवते. पाटीचं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, तुमचा माणूस चुकला. टेलिफोनचं काम जमेना म्हणून आईला काढलं होतं, आई स्वतःच तसं सांगायची. घरात फोन वाजला की भावंडं आईला चिडवायची, तू हात लावू नकोस, लाइन तुटेल. आई हसून बाजूला व्हायची.

मी खरं काय ते सांगितलं. हातातलं कापड तोंडाला लावून ती खूप रडली. मग एकच विचारलं, आईचा हात खरंच चांगला होता का? मी काय सांगणार? मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

पाटी नव्यानं कोरायला दिली आहे. पहिलं नाव त्यांचं.

रागावलीस तरी जवळची म्हणूनच रागाव.

तुझी,
बडबडी

११ मार्च

चि. बाळीस,
आशीर्वाद.

शिडी असं का सांगत आली, ते मला कळतं. लग्नापायी नोकरी गेली म्हटलं असतं, तर पोरांनी दोष बापाला नाहीतर स्वतःला दिला असता. त्यापेक्षा तिनं स्वतःलाच अडाणी ठरवलं, आणि जन्मभर पोरांबरोबर हसत राहिली. कुणीतरी वेळेवर भेटायला हवं होतं गं तिला.

मी येते. पडदा तिची लेक उघडेल. पण आधी मला त्या दुकानात ने. तिच्या आईचा हात कसा चालायचा, हे डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरलेय.

गाडीवर घ्यायला ये. लोभ आहेच, तो तिच्या लेकीलाही दे.

तुझी मावशी